खाटेच्या दोन बाजू



मे महिन्याच्या १२ तारखेस जगभर परिचारिका दिन पाळला जातो, आणि जुलैच्या १ तारखेस आपल्या देशात डॉक्टर दिन साजरा होतो. पहिला फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. दुसरा बंगालचे थोर वैद्य डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा जन्मदिवस आणि मृत्युदिनही. दोन्ही दिवसांमध्ये अंतर पन्नास दिवसांचे. एके दिवशी नर्सबाईंच्या हाती गुलाबाचे फूल येते, दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांच्या खांद्यावर शाल पडते. आणि मग वर्षभर दोघेही आपापल्या कामास लागतात. परंतु दोघांचे काम खरोखर वेगवेगळे आहे काय? रुग्णाच्या खाटेच्या एका बाजूस डॉक्टर उभा असतो, दुसऱ्या बाजूस परिचारिका उभी असते, आणि मध्ये आपले माणूस निजलेले असते. त्या दोन बाजू एकमेकींशी कशा बोलतात, यावर मधल्या माणसाचे जगणे-मरणे पुष्कळदा अवलंबून असते. आज आम्ही याच विषयी चार शब्द लिहिणार आहोत.

आमचे काही वाचक म्हणतील, ‘फादर, आम्ही शेतकरी माणसे. इस्पितळातल्या शिकल्यासवरल्या लोकांचा हा प्रश्न आमच्या दारात कशाला?’ तो दारात आधीच आलेला आहे, म्हणून. आपल्या गावांतील किती तरी घरांच्या मुली आज परिचारिका आहेत. कोणी बेळगावात, कोणी गोव्यात, कोणी मुंबईस, कोणी आखाती देशांत. काही घरांचे मुलगे-मुली डॉक्टरही होऊ लागले आहेत. आणि ज्यांच्या घरी यांपैकी कोणी नाही, त्यांनाही त्या खाटेवर एके दिवशी निजावेच लागते.

गेल्या पावसाळ्यातील एक गोष्ट सांगतो. ती सांगण्यास संबंधितांची परवानगी आहे. नावे मात्र आम्ही गाळली आहेत.

आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध शेतकरी, त्यांना आपण अप्पा म्हणू, पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी शहरातील एका इस्पितळात दाखल झाले होते. दुपारी शस्त्रक्रिया पार पडली. संध्याकाळी अप्पांनी डोळे उघडले, घरची माणसे निश्चिंत झाली. मध्यरात्रीनंतर आमच्या फोनची घंटा वाजली. पावसातून वाट काढीत आम्ही पहाटे पोचलो, तेव्हा अप्पांना दुसऱ्यांदा शस्त्रक्रियागृहात नेऊन परत आणलेले होते. आत बांधलेली एक रक्तवाहिनी सुटून पोटात रक्त साचत होते. डॉक्टरांनी ती पुन्हा बांधली, रक्ताच्या तीन पिशव्या चढविल्या, आणि परमेश्वराच्या कृपेने अप्पा वाचले.

डॉक्टर बाहेर येताच अप्पांच्या थोरल्या मुलाने त्यांचे पाय धरले. आम्हीही हात जोडले, आभार मानले, अप्पांची प्रकृती विचारून घेतली. डॉक्टरांच्या मागे एक परिचारिका केसपेपर हाती घेऊन उभी होती. तिच्याकडे आम्ही पाहिलेही नाही. पाहिले असते तर तत्काळ ओळखले असते, कारण लहानपणी ती आमच्याच धर्मशिक्षणाच्या वर्गात पुढच्या बाकावर बसत असे.

थोड्या वेळाने तीच चहाचा पेला घेऊन आली. आम्ही ओशाळून म्हणालो, “अगं, तू इथे असतेस होय? रात्री तुझीच ड्यूटी होती काय?” ती म्हणाली, “हो फादर. अप्पांपाशी रात्रभर मीच होते.” मग क्षणभर थांबून हळूच म्हणाली, “पण तुम्हीही डॉक्टरांनाच विचारलंत.”

त्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते आम्हांस अधिक लागले.

रात्री काय घडले ते आम्ही तिच्याकडून खोदून विचारून घेतले. साडेबाराच्या सुमारास अप्पा कुशी बदलू लागले. त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “पोरी, दुखत नाही गं, पण जीव घाबराय लागलाय.” आपल्याकडची माणसे दुखण्याला दुखणे म्हणतात, आणि जीव घाबरतो म्हणतात तेव्हा त्यांना दुसरेच काही सांगावयाचे असते. वॉर्डातील दुसरी परिचारिका केरळची होती, डॉक्टर कन्नड बोलणारे. अप्पांच्या त्या चार शब्दांचे वजन एकट्या या मुलीलाच कळले. तिने डॉक्टरांना फोन लावला आणि म्हटले, “सर, सात नंबरचा पेशंट जरा अस्वस्थ वाटतो.” पलीकडून उत्तर आले, “ऑपरेशन झालेला माणूस अस्वस्थ असणारच. वेदनेचं इंजेक्शन लिहिलं आहे, ते द्या. सकाळी बघू.” आणि फोन बंद झाला.

तिने इंजेक्शन दिले. परंतु मन स्वस्थ बसेना. तिने नाडी मोजली. संध्याकाळी ९६ होती ती १२८ वर गेली होती. रक्तदाब उतरला होता. हातपाय गार लागत होते, आणि लघवीच्या पिशवीत दोन तासांत जेमतेम चमचाभर भर पडली होती. तिने पुन्हा फोन हाती घेतला. पण बोट पुढे जाईना. महिन्यापूर्वी अशाच एका रात्री तिने फोन केला होता, तो अनाठायी ठरला, आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या वॉर्डासमोर तिला ऐकून घ्यावे लागले होते : “तुम्ही डॉक्टर आहात की मी?” ते शब्द तिच्या कानांत होते. ती म्हणाली, “फादर, दहा मिनिटं मी फोन हातात धरून नुसती उभी होते.”

मग तिने तो केला. या वेळी ‘अस्वस्थ वाटतो’ असे मोघम न सांगता नाडी, रक्तदाब, लघवी, थंड पडलेले हातपाय असे एकामागून एक सांगितले, आणि शेवटी म्हटले, “सर, आत रक्त जात असावं असं मला वाटतं. आपण आत्ता यावं.” पाव तासात डॉक्टर आले. पुढचे तुम्हांस ठाऊकच आहे.

वाचकहो, ती दहा मिनिटे आमच्या मनातून जात नाहीत. अप्पांचे आयुष्य त्या दहा मिनिटांत एका मुलीच्या भीतीच्या स्वाधीन होते. ही भीती तिच्या एकटीची नव्हती, आणि ती कालपरवाची तर मुळीच नव्हती.

१८५४ साली क्रिमियाच्या युद्धात जखमी झालेल्या इंग्रज शिपायांची शुश्रूषा करण्यासाठी फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ स्त्रियांना घेऊन तुर्कस्थानातील स्कुटारी येथे गेल्या. त्या अडतीस जणींत दहा कॅथलिक धर्मभगिनी होत्या, हे आपल्यापैकी थोड्यांस ठाऊक असेल. लष्करी डॉक्टरांस या बायकांचे येणे रुचले नाही. तेव्हा नाइटिंगेलबाईंनी काय केले? डॉक्टरांनी बोलाविल्यावाचून कोणीही रुग्णास हात लावावयाचा नाही, असा हुकूम त्यांनी आपल्याच परिचारिकांना दिला. बाहेर माणसे विव्हळत होती, आणि आत परिचारिका पट्ट्या आणि कपडे शिवीत बसल्या होत्या. लवकरच इंकरमनच्या लढाईतील जखमींचा लोंढा आला, आणि डॉक्टरांनी आपण होऊन त्यांना हाक मारली. त्या वेळी तो मार्ग शहाणपणाचा होता. त्याखेरीज परिचारिकेला इस्पितळाचे दार उघडलेच नसते. परंतु ‘बोलावल्याखेरीज पुढे होऊ नये’ हा त्या दिवसाचा धडा पुढे शंभर वर्षांची रूढी होऊन बसला.

आपल्या मुलींच्या शिक्षणसंस्थेत दिवे लावण्याचा समारंभ होतो तेव्हा पुष्कळ आईबाप कौतुकाने जातात. पांढऱ्या गणवेशातील मुली हाती दिवा घेऊन नाइटिंगेलच्या नावाची शपथ घेतात. ही शपथ त्या बाईंनी स्वतः रचलेली नव्हे. ती १८९३ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी तयार झाली. डॉक्टरच्या कार्यात निष्ठेने साहाय्य करण्याचे वचन तिच्या जुन्या पाठात आहे. निष्ठा हा थोर गुण आहे. पण डॉक्टरचा हात चुकत असता गप्प राहणे ही निष्ठा काय? निष्ठा अखेर कोणाशी, उभ्या माणसाशी की निजलेल्या माणसाशी?

या प्रश्नाची परीक्षा अमेरिकेत एकदा झाली. तिचा वृत्तान्त १९६६ साली प्रसिद्ध झाला. इस्पितळांतील २२ परिचारिकांना एका अनोळखी गृहस्थाने ‘मी अमुक डॉक्टर बोलतो’ असे सांगून फोन केला, आणि एका रुग्णास एक नवे औषध २० मिलिग्रॅम देण्यास फर्माविले. औषधाच्या डबीवर स्पष्ट छापले होते की दिवसाची कमाल मात्रा १० मिलिग्रॅम. शिवाय फोनवरून औषध सांगणे नियमाविरुद्ध होते. तरीही २२ पैकी २१ जणी ते औषध घेऊन रुग्णाकडे निघाल्या. वाटेत त्यांना थांबविण्यात आले. औषध अर्थातच निरुपद्रवी होते. त्या स्त्रिया काही अडाणी किंवा बेफिकीर नव्हत्या; डॉक्टरच्या शब्दापुढे आपले डोळे मिटावेत, ही सवय त्यांच्या हाडीमांसी खिळलेली होती.

या गोष्टीला एक उजळ बाजूही आहे. १९७७ साली दुसऱ्या संशोधकांनी असाच प्रयोग केला. परंतु या वेळी औषध परिचारिकांच्या परिचयाचे होते आणि शेजारच्या सोबतिणींस विचारण्याची त्यांना मोकळीक होती. तेव्हा १८ पैकी १६ जणींनी चुकीची मात्रा दिली नाही. ज्ञान असले आणि विचारावयास कोणी असले, की माणसाचे धैर्य जागे होते. आपल्या मुलींना आम्ही हे मुद्दाम सांगतो.

१९६७ साली लेनर्ड स्टाइन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी एक लेख लिहून या दोघांच्या वागणुकीला ‘डॉक्टर आणि नर्सचा खेळ’ असे नाव दिले. त्यांचे निरीक्षण मोठे मार्मिक होते. अनुभवी परिचारिकेला पुष्कळदा काय करावयास हवे ते ठाऊक असते. पण सल्ला देते आहे असे दिसू न देता तिला तो द्यावा लागतो. डॉक्टरलाही तो हवा असतो. पण मागतो आहे असे दिसू न देता त्याला तो घ्यावा लागतो. आपल्या घरांतून ही कला काही नवी नाही. सासऱ्यांना बैल बदलावयास सांगावयाचे असेल, तर शहाणी सून ‘बैल बदला’ असे म्हणत नाही; ‘औंदा नांगराला उशीर लागतोय नाही का?’ असे म्हणते. घरात हे गोड वाटते. परंतु रात्री एक वाजता, रुग्णाचा रक्तदाब उतरत असताना, आडवळणाने बोलण्यास वेळ कोठला?

हा खेळ किती महाग पडतो याचे एक उदाहरण २००५ सालचे आहे. इंग्लंडात दोन लहान मुलांची ३७ वर्षांची आई नाकाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी गेली. भूल दिल्यावर तिच्या श्वासाची वाट बंद झाली. तीन अनुभवी डॉक्टर घशातून नळी घालण्याची शिकस्त करीत राहिले, नळी जाईना. परिचारिका गळ्यास छेद देऊन श्वास चालू करण्याची उपकरणे घेऊन आली. तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवली; परंतु डॉक्टरांच्या चेहऱ्यांवरून आपणच उगाच घाबरलो असे तिला वाटले, आणि तिने ती खाट सोडून दिली. तेरा दिवसांनी ती स्त्री मरण पावली. काय करावयास हवे ते परिचारिकांना ठाऊक होते. ते डॉक्टरांना सांगावे कसे, एवढेच ठाऊक नव्हते. तिचा पती विमानचालक होता. त्याने कोणाला तुरुंगात धाडण्याचा हट्ट धरला नाही. कनिष्ठ चालकाने वरिष्ठास बेधडक सावध करावे, असे विमानांत शिकवितात; तसेच इस्पितळांतही शिकवावे म्हणून तो पुढे आयुष्यभराच्या कामास लागला. शोकातून असे काही निर्माण करणाऱ्या माणसापुढे आम्ही नम्र होतो.

उलट, दोन बाजू एकमेकींशी नीट बोलू लागल्या म्हणजे काय घडते, तेही पाहू. १९८६ साली अमेरिकेतील १३ इस्पितळांच्या अतिदक्षता विभागांतील पाच हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. जेथे रुग्ण अधिक वाचत होते तेथे केवळ यंत्रे अधिक होती असे आढळले नाही. डॉक्टर आणि परिचारिका यांचे परस्परांशी बोलणे आणि काम जुळविणे तेथे चांगले होते. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एक साधी यादी तयार केली. तिच्यात एक बाब अशी की, चाकू लावण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे. किती साधी गोष्ट! पण ज्याचे नाव एकदा सर्वांनी ऐकले, त्याची जीभ पुढे अडत नाही. दिल्लीसह जगातील आठ शहरांच्या आठ इस्पितळांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले. मात्र २०१४ साली कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील १०१ इस्पितळांचा हिशेब झाला, तेव्हा तेथे म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. यावरून आम्ही एवढेच समजतो की कागदावरील खुणा आपोआप कोणास वाचवीत नाहीत. मन न लावता केलेल्या तेर्सासारखीच ती गत आहे.

आता उपायांकडे वळू. आणि प्रथम आपल्या मुलींकडे.

मुलींनो, तुम्ही डॉक्टरांना फोन करता तेव्हा हातात आकडे असू द्या. ‘बरे वाटत नाही’ हे तुमच्या मनाचे सांगणे आहे, आणि ते बहुधा खरेच असते; पण झोपेतून उठलेल्या माणसाला ते कळत नाही. अमेरिकेच्या नौदलातील पाणबुड्यांमधून आलेली एक रीत आता इस्पितळांत शिकवितात. चार गोष्टी क्रमाने सांगावयाच्या : आत्ता काय घडते आहे, रुग्णाची मागची हकीकत काय, मला काय वाटते, आणि आपण काय करावे अशी माझी विनंती आहे. आमच्या त्या मुलीने दुसऱ्या फोनवर नेमके हेच केले. तिच्या पहिल्या फोनमध्ये जी कसर होती ती तिने स्वतःच आम्हांपाशी कबूल केली. डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितले तर ते लिहून घेऊन त्यांनाच वाचून दाखवा. शंका आली तर विचारा. उत्तराने समाधान झाले नाही तर दुसऱ्यांदा विचारा. तरीही नाही झाले तर वरिष्ठांकडे जा. यात उद्धटपणा नाही. आवाज खाली ठेवूनही माणसाला ठाम राहता येते.

डॉक्टर वाचकांपैकी कोणी हे पान वाचत असतील, तर त्यांना आमचे आदरपूर्वक सांगणे आहे. तुमच्यावरील ओझे आम्ही जाणतो. त्या रात्री अप्पांचे डॉक्टर सलग दुसऱ्या रात्रीच्या जागरणाने थकलेले होते. फोन आला तेव्हा त्यांना झोप लागून अर्धा तासही झाला नव्हता, हे आम्हांस मागाहून कळले. चूक झाली तर नाव तुमचे जाते, कोर्टात तुम्ही उभे राहता, संतापलेल्या नातेवाइकांचे हात तुमच्यावर पडतात. हे सारे खरे. तरीही अनाठायी आलेल्या फोनबद्दल परिचारिकेवर ओरडू नका. कारण तुम्ही त्या एका फोनवर ओरडता, आणि पुढचे दहा फोन येत नाहीत. त्या दहांत एखादा अप्पांचा असतो. चूक दाखवावयाची असेल तर एकान्तात दाखवा, रुग्णांसमोर नको. औषधाचे नाव स्वच्छ लिहा. ते सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असे भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ सालीच बजावले आहे. इन्सुलिनच्या आकड्यापुढे ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा. इंग्रजीतील त्याचे एकच आद्याक्षर घाईत शून्यासारखे दिसते, आणि चाराचे चाळीस होतात. आणि सकाळच्या राउंडला एक प्रश्न विचारा : “सिस्टर, तुम्हांला काय वाटतं?” डॉक्टर खाटेपाशी काही मिनिटे थांबतो; परिचारिका तेथे आठ-आठ तास असते. आठ तास पाहणाऱ्यास काही मिनिटे पाहणाऱ्याने विचारावे, यात कमीपणा कसला?

येथे आम्ही परिचारिकांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगू. अपमान हा पाण्यासारखा खाली वाहतो. डॉक्टरने सिस्टरला झिडकारले की सिस्टर आयाबाईला झिडकारते, आयाबाई झाडूवालीला, आणि शेवटी साऱ्यांचा राग निमूटपणे सोसणाऱ्या रुग्णावर निघतो. वरून मान हवा असेल, तर तो खालीही पोचविला पाहिजे. नवख्या शिकाऊ डॉक्टरची अनुभवी परिचारिकांनी वॉर्डात केलेली थट्टा आम्ही पाहिली आहे. तीही बरी नव्हे.

आता उरलो आपण, खाटेभोवती उभे राहणारे नातेवाईक. या बाबतीत आपले हात स्वच्छ आहेत असे आम्हांस वाटत नाही. आमचे स्वतःचे तर नव्हतेच. डॉक्टर आले की आपण खुर्चीवरून उठतो. परिचारिका आली की बसल्या जागेवरून ‘ओ सिस्टर, सलाईन संपलं’ म्हणून ओरडतो. डॉक्टरांनी उशीर केला तर राग तिच्यावर काढतो. ‘सिस्टर असं म्हणाल्या, तुम्ही तसं म्हणता’ असे सांगून दोघांत नकळत काडी टाकतो. हे सोडले पाहिजे. इस्पितळात गेल्यावर घरातील एकाच समंजस माणसाने बोलावे. चालू असलेल्या औषधांची पाकिटे बरोबर न्यावी, आणि गावठी झाडपाला दिला असल्यास तोही न लाजता दोघांनाही सांगावा. परिचारिकेचे नाव विचारून घ्यावे आणि नावाने हाक मारावी. रुग्णाने काही वेगळे सांगितले, जीव घाबरतो म्हणाला, गरगरते म्हणाला, तर ते तिच्या कानी लगेच घालावे. आणि घरी जाताना आभार मानावयाचे ते दोघांचेही मानावे.

आणखी एक बोलून टाकतो, ते काहींना झोंबेल. परदेशी गेलेल्या मुलीच्या पगारावर आपल्या गावांत घरांची छपरे बदलली, धाकट्या भावांची शिक्षणे झाली, बहिणींची लग्ने लागली. परंतु तीच मुलगी सोयरीक जुळविताना दाखवावयाची वेळ आली की हलक्या आवाजात विचारले जाते, ‘नर्स आहे म्हणे? रात्रपाळी करते?’ ज्या कामाचा पैसा आपण ताठ मानेने घेतो, त्या कामाचा मान देताना आपली मान का खाली जाते? घरात जिची किंमत झाली नाही, ती मुलगी रात्री एक वाजता डॉक्टरांपुढे ठामपणे कशी उभी राहील? तिच्या हातातला तो फोन दहा मिनिटे अडला, त्यातली काही मिनिटे तुमच्या-आमच्या खात्यावर आहेत.

संत पौलाने करिंथ येथील भाविकांना शरीराची आणि अवयवांची उपमा दिली, ती आपण मिस्सेत अनेकदा ऐकली आहे. कोणत्याही अवयवाने दुसऱ्यास तुझी गरज नाही असे म्हणू नये, हे त्याचे सांगणे. त्याचा सोबती संत लूक स्वतः वैद्य होता. तेव्हा आजारी शरीराची ती उपमा त्यालाही पटली असेल, असे आम्ही समजतो.

अप्पांना घरी सोडले त्या दिवशी आम्ही त्या मुलीच्या परवानगीने डॉक्टरांशी बोललो. तिच्या दहा मिनिटांची हकीकत त्यांनी पहिल्यानेच ऐकली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पहिल्याच फोनला मी चार प्रश्न विचारायला हवे होते.” सबब सांगितली नाही, हे त्यांचे मोठेपण. तेव्हापासून त्या वॉर्डात रात्रीच्या परिचारिकेने फोन केव्हा करावयाचा, याचे आकडे भिंतीवर लावले आहेत. त्या आकड्यांपलीकडे नाडी किंवा रक्तदाब गेला की फोन करावयाचाच, मग पलीकडून कोणी काहीही म्हणो.

दिवाळीच्या सुमारास अप्पा काठी टेकीत आमच्या दारी आले. भुईमूग निघाला होता. दोन गाठोडी त्यांनी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, “फादर, शहरात जाल तेव्हा एवढी पोचती करा. एक डॉक्टरसायबांना, एक त्या पोरीला. दोन्ही सारखी भरल्यात. पाहिजे तर तोलून बघा.”

आम्ही ती तोलली नाहीत. पण शहरास गेलो तेव्हा आधी तिच्याकडे गेलो.